काचेच्या समुद्रातील अनाहूत पाहुणे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेचे एक जुने कपाट असते. त्यातल्या बरण्यांत फॉर्मलिनमध्ये बुडवलेले तारामासे, समुद्रघोडे, खेकडे आणि नाना जातींचे कृमी वर्षानुवर्षे निश्चल उभे असतात. प्रत्येक बरणीवर पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरांत लिहिलेले नाव. विद्यार्थी आधी नाव वाचतो, मग प्राणी पाहतो. चतुर विद्यार्थी तर बरणीच्या आकारावरूनच परीक्षेत बरोबर उत्तर लिहून येतो. या व्यवस्थेत एकच उणीव राहते. ती चिठ्ठी कोणी लिहिली, कशावरून लिहिली आणि लिहिण्यापूर्वी किती वेळा खोडली, हे बरणी सांगत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय चिठ्ठी नसलेले प्राणी हा आहे. ते पाहण्यासाठी जहाजातून खोल समुद्रात जावे लागत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेंगळुरू अशा, समुद्राचा वाराही न लागलेल्या शहरांतील दिवाणखान्यांत ते भेटतात. कारण अलीकडे काही घरांत गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीऐवजी खाऱ्या पाण्याची, प्रवाळ वाढवण्याची टाकी दिसू लागली आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळले, तापमान २५ ते २६ अंशांवर राखले आणि योग्य प्रकाश दिला, की काचेच्या चार भिंतींत एक लहानसा समुद्र नांदू लागतो.

हा समुद्र नांदतो तो खडकांच्या जोरावर. मृत प्रवाळांच्या सच्छिद्र चुनखडीवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती झाली, की माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे ते टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अशा वसलेल्या खडकाला छांदिष्ट मंडळी ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत खडक म्हणतात. नाव सार्थ आहे. मात्र त्याच्या भोकाभोकांत आणि सांदीकोपऱ्यांत केवळ जिवाणूच असतात असे नाही. कोणाची अंडी, कोणाची पिले, कोणी अंग चोरून बसलेला प्रौढ प्राणी, शेवाळाचा एखादा तुकडा, असा सगळा बिनतिकिटाचा प्रवासीवर्ग त्या खडकाबरोबर घरात येतो. विकत घेतलेल्या प्रवाळाच्या बुडाशी चिकटूनही तो येतो. पावतीवर त्याची नोंद नसते, आणि विकणाऱ्यालाही त्याची कल्पना नसते.

हे पाहुणे दिवसा दिसत नाहीत. दिवे मालवल्यानंतर दोन-तीन तासांनी लाल कागद लावलेली विजेरी घेऊन टाकीसमोर बसावे लागते. पुष्कळ अपृष्ठवंशी प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते निर्धास्तपणे बाहेर पडतात. दिवसा निर्जन भासणाऱ्या खडकातून मग केसांसारखे लांब धागे वाळूवरून सरकू लागतात. कोठे शेंदरी रंगाचा शतपाद कृमी डोके बाहेर काढतो, तर काचेवर करंगळीच्या नखाएवढे, पाच-सहा असमान भुजांचे तारामासे चढताना दिसतात. आणि खडकाच्या भोकातून दोन डोळे बाहेर रोखलेले असतात. टाकी घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात बहुतेक मालकांची अशी एखादी रात्र येते. सुंदर मासे पाळायचे म्हणून हौसेने खर्च केलेला असतो, आणि घरात भलतेच कोणी राहायला आले आहे असे ध्यानात येते.

त्या क्षणी माणूस दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. एक तर तो ‘असेल काहीतरी’ म्हणून दुर्लक्ष करतो, नाहीतर ‘सगळेच मारून टाकू’ असा निर्धार करतो. यांतील दुसरे टोक किती महाग पडू शकते, हे आधी सांगणे आवश्यक आहे. कारण तेथे प्रश्न माशांच्या जिवाचा राहत नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचा होतो.

हवाई द्वीपसमूहातील माउई बेटावर हाना नावाचे गाव आहे. तेथील एका खडकाळ डबक्यात मृत्यूचे शेवाळ उगवते आणि पूर्वीचे योद्धे ते भाल्याच्या टोकाला फासत, अशी तेथील परंपरागत समजूत होती. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा ते शेवाळ शेवाळ नसून प्राणी निघाले: समुद्रफुलांच्या कुळातला, बटणांसारखी लहान तोंडे एकमेकांना चिकटून गालिचा विणणारा ‘पॅलिथोआ’. १९७१ साली त्यातून वेगळ्या काढलेल्या विषाला ‘पॅलिटॉक्सिन’ असे नाव मिळाले. निसर्गातील अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. शरीरातील प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम आत-बाहेर करणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटून त्याचे सताड उघडे दार करून टाकते. त्यावर उतारा नाही. उपचार होतात ते लक्षणांवर.

हाच पॅलिथोआ आणि त्याचे भाईबंद जिवंत खडकावर चिकटून घरोघरी येतात. सर्वांमध्ये विष सारखे नसते. काहींमध्ये ते जवळजवळ नसते, काहींमध्ये विपुल असते, आणि नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. पाण्यात असेपर्यंत आणि कोणी छेडत नाही तोवर त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. धोका निर्माण होतो तो मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेतून. खडकावरचे नकोसे प्राणी मारण्यासाठी तो खडक पातेल्यात घालून गॅसवर उकळतो, किंवा बाहेर काढून ब्रशने खसाखसा घासतो. वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर विष हवेत मिसळते, आणि खोकला, ताप, धाप, अंगदुखी, डोळ्यांची जळजळ असे सगळे घरदार एकाच वेळी आजारी पडते. २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यात टाकी साफ करण्यावरून एका कुटुंबाला आणि त्यांच्या मदतीला धावलेल्या अग्निशामक जवानांना रुग्णालयात हलवावे लागले. अशा घटना अन्य देशांतही नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून एक नियम ठामपणे सांगितला पाहिजे: अनोळखी जीव असलेला खडक कधीही उकळू नये, कोरडा घासू नये, आणि त्याला हात लावताना हातमोजे व चष्मा वापरावा. घरात लहान मुले असतील तर हा नियम टाकीशेजारी लिहून ठेवावा.

आता निरपराधांकडे वळावे. त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यावरील अन्यायही जुना आहे. सर्वांत बदनाम आहे तो केसाळ कृमी. अंगाच्या दोन्ही बाजूंना काचेसारख्या ठिसूळ, पोकळ केसांचे पुंजके असतात. बोट लागले तर ते कातडीत मोडून राहतात आणि आग होते. चिकटपट्टी लावून उपटले तर बरेचसे निघतात. मत्स्यपेटीतील मासा रात्री मेला, की पहाटे त्याच्या भोवती हे कृमी गोळा झालेले दिसतात. मालक ते दृश्य पाहतो आणि खुनी सापडला असे समजतो. वास्तविक मासा रोगाने किंवा दूषित पाण्याने मेलेला असतो, आणि हे त्याच्या अंत्यविधीला जमलेले असतात. खांदेकऱ्यांना खुनी ठरवण्यासारखाच हा प्रकार. टाकीत आढळणाऱ्या केसाळ कृमींपैकी बहुतेक उरलेसुरले अन्न आणि मृत अवशेष खाऊन जगतात. त्यांची संख्या बेसुमार वाढली तर दोष कृमींचा नसतो, गरजेपेक्षा अधिक खाऊ घालणाऱ्या हाताचा असतो. त्यांच्या नात्यातला दाढीवाला अग्निकृमी मात्र खरोखर प्रवाळ कुरतडतो. तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला रहिवासी आहे. आडनाव एक असले म्हणून सर्व घरांचे आचार एक नसतात.

खेकड्यांचेही असेच. पोवळ्याच्या फांद्यांत राहणारा ‘ट्रॅपेझिया’ नावाचा गुळगुळीत पाठीचा इवलासा खेकडा अनेकांनी चिमट्याने ओढून काढला आणि फेकला. हा खेकडा त्या पोवळ्याचा राखणदार असतो. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला, की हा जेमतेम काही मिलिमीटरचा जीव त्याच्या पायांना चावे घेऊन त्याला हुसकावून लावतो, हे प्रशांत महासागरात गेल्या शतकात प्रत्यक्ष पाहून नोंदलेले आहे. फांद्यांवर पडलेला गाळही तो झाडतो, आणि त्याला काढून टाकले तर पोवळ्याची प्रकृती ढासळते. उलट अंगभर केस, जाड नांग्या आणि नांग्यांची टोके काळी असा खेकडा दिसला, तर त्याच्यावर नजर ठेवणे शहाणपणाचे; या वर्णनाच्या खेकड्यांत मांसाहारी पुष्कळ असतात. नजर ठेवणे म्हणजे लगेच मारणे नव्हे. त्याला एका वेगळ्या बरणीत ठेवावे, आठ दिवस शेवाळ आणि कोळंबीचा तुकडा असे दोन्ही समोर ठेवावे, आणि तो काय उचलतो ते पाहावे. पुस्तकातील चित्राशी चेहरा जुळवण्यापेक्षा ताटात काय वाढून घेतो हे पाहणे अधिक विश्वसनीय.

ओळखीच्या शास्त्रात कानही उपयोगी पडतो. रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज येतो; काच तडकली की काय, म्हणून घरातले धावत येतात. काच शाबूत असते. असा आवाज करणारे दोन पाहुणे संभवतात, आणि त्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला ‘पिस्तूल कोळंबी’. तिची एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते, की पाण्याची धार उडून एक बुडबुडा तयार होतो. आवाज नांगीच्या आघाताचा नसतो, तो बुडबुडा कोसळण्याचा असतो, हे २००० साली उच्चगती छायाचित्रणाने सिद्ध झाले. ही कोळंबी सहसा निरुपद्रवी असते. तिच्या काही जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात संसार करतात: कोळंबी बीळ खणते, मासा पहारा देतो, आणि दृष्टी अधू असलेली कोळंबी आपली मिशी सतत माशाच्या अंगाला लावून असते. दुसरा पाहुणा ‘मँटिस श्रिंप’. प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले पुढचे हात आणि देठांवर स्वतंत्रपणे फिरणारे डोळे, ही त्याची खूण. त्याच्या हातोड्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. शंख-खेकडे तो फोडून खातो, आणि मासेही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. त्याच्यासाठी वेगळी टाकी केली तर तो अत्यंत प्रेक्षणीय पाळीव प्राणी ठरतो. पण सामायिक टाकीत त्याला ठेवणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस ठेवणे होय. आवाज एकच, आणि निर्णय मात्र परस्परविरुद्ध. तो निर्णय अवलंबून आहे एका मोठ्या नांगीवर किंवा दोन फिरत्या डोळ्यांवर. आणि ते पाहण्यासाठी रात्रीचे जागरण करण्यावाचून गत्यंतर नाही.

‘असेल काहीतरी’ असे म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील न्यूकी गावच्या सार्वजनिक मत्स्यालयाची हकीकत उद्बोधक आहे. तेथील प्रवाळांचे लचके तोडलेले आढळू लागले. कर्मचाऱ्यांनी आमिषे लावली, सापळे ठेवले. सापळे सकाळी मोडलेले सापडत. अखेर २००९ साली संपूर्ण प्रवाळरचना दगडागणिक सोडवण्यात आली, तेव्हा आतून सुमारे चार फूट लांबीचा सागरी कृमी निघाला. कधी काळी एखाद्या खडकाच्या भोकातून तो सुतासारखा बारीक असताना आला असावा. त्याच वर्षी जपानमधील शिराहामा येथील मासेमारी बंदरातल्या तराफ्यात याच कुळातला २९९ सेंटिमीटर लांबीचा, ६७३ वलयांचा कृमी आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ माणसांचा रोजचा वावर असलेल्या मत्स्यालयात चार फुटांचा प्राणी निनावी राहू शकतो, ही गोष्ट घरगुती टाकीच्या मालकाला थोडा दिलासा आणि थोडी धास्ती दोन्ही देईल.

काही पाहुण्यांना मारणे हेच त्यांना वाढवणे असते. ‘ऐप्टेशिया’ नावाचे तपकिरी, पारदर्शक समुद्रफूल खडकावर उगवलेले दिसते, तेव्हा नवशिका मालक हरखून जातो; फुकटात फूल मिळाले असे त्याला वाटते. महिन्याभरात एकाची वीस होतात, त्यांच्या दंशपेशी शेजारच्या प्रवाळांना जाळतात, आणि मग तो सुरी घेऊन बसतो. देवीमाहात्म्यातील रक्तबीज राक्षस ज्यांनी ऐकला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. या फुलाच्या तळव्याचा इवला तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवे फूल तयार होते. कथेत रक्तबीजाचे रक्त जमिनीवर पडू न देणारी चामुंडा होती. येथे ते काम ‘बर्घिया’ नावाची बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय करते. ऐप्टेशिया हेच तिचे अन्न असल्यामुळे ती तळव्यासकट ते फस्त करते, आणि टाकीतील ऐप्टेशिया संपले की तीही उपाशी मरते. कर्तव्य संपताच अन्न संपावे, हा तिच्या वाट्याला आलेला भोग.

गंमत अशी, की छांदिष्टांना नकोसे झालेले हे फूल प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवले जाते. त्याच्या पेशींत प्रवाळांप्रमाणेच एकपेशीय शैवाल राहते. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ हे शैवाल गमावून पांढरे का पडतात, हा आजच्या सागरविज्ञानातील ज्वलंत प्रश्न आहे. पण खरे प्रवाळ सावकाश वाढतात आणि लवकर मरतात. ऐप्टेशिया झपाट्याने वाढते, काही केल्या मरत नाही, आणि हवे तर शैवालाशिवायही जगते. म्हणून प्रवाळांच्या आजाराचा अभ्यास त्याच्यावर होतो; २०१५ साली त्याची संपूर्ण जनुकीय संहिताही प्रसिद्ध झाली. ज्या चिवटपणामुळे घरमालकाच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच चिवटपणासाठी संशोधक त्याला जपतो.

टाकीतला जीव टाकीतच राहील असे गृहीत धरणेही योग्य नाही. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या थेट खाली, भूमध्य समुद्राच्या तळाशी ‘कॉलर्पा टॅक्सिफोलिया’ नावाचे हिरवेगार शेवाळ जेमतेम चौरस मीटरभर पसरलेले आढळले. ते उष्ण समुद्रांतले. भूमध्याच्या थंडीत टिकू नये असे. पण हा वाण मत्स्यालयांतून वाढवलेला, थंडी सोसणारा आणि दणकट होता. जर्मनीतील श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात तो प्रथम जोपासला गेला आणि तेथून इतर मत्स्यालयांना दिला गेला. अलेक्झांडर मेनेझ या फ्रेंच संशोधकाने इशारे दिले. मात्र हे शेवाळ मत्स्यालयातून निसटले की नैसर्गिक मार्गाने आले, यावर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि वाद चालू असताना जहाजांच्या नांगरांना आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना चिकटून ते हजारो हेक्टरांवर पसरले. समुद्रतळावरची गवताची कुरणे त्याने झाकून टाकली. जनुकीय तपासणीने मत्स्यालयाशी असलेले त्याचे नाते १९९० च्या दशकाच्या अखेरीस निर्विवाद ठरले, तेव्हा उशीर झाला होता. याच्या उलट घडले ते अमेरिकेत. जून २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका खाजणात पाणबुड्यांना ते दिसले. भूमध्यातील अनुभवामुळे ते लगेच ओळखले गेले, ताडपत्र्यांखाली झाकून क्लोरीनने मारले गेले, आणि ७० लाख डॉलरहून अधिक खर्चानंतर २००६ साली ते समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. रक्कम मोठी वाटते. भूमध्यात मात्र कितीही रक्कम आता पुरणार नाही. हे शेवाळ आणि त्याचे भाऊबंद जिवंत खडकांवरूनही प्रवास करतात. त्यामुळे टाकीतले पाणी, खडक किंवा शेवाळ नाल्यात, तलावात अगर समुद्रात टाकणे हे कृत्य किरकोळ मानता येत नाही. वाळवून कचऱ्यात देणे हा साधा मार्ग आहे. पॅलिथोआचा संशय असलेला खडक मात्र हातमोजे घालून, पाण्यातच ब्लीच घालून मारावा आणि मगच टाकावा.

समुद्रातून खडक उचलून आणण्याविषयीही येथेच सांगणे उचित. भारतात प्रवाळ आहेत ते कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपमध्ये आणि अंदमान-निकोबारमध्ये. मालवणच्या किनाऱ्याशीही ते थोडे आहेत, आणि कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या, कोकणापासून दूर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या पठारावरही आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली पोवळ्यांचा समावेश झाला. वाघाला असलेले कायद्याचे संरक्षण पोवळ्याला मिळाले. नरारा किंवा पिरोटन येथे शाळेची सहल गेली आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या प्रवाळाचा तुकडा एखाद्या मुलाने दप्तरात घातला, तर कायद्याच्या दृष्टीने ती आठवणीची वस्तू राहत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फिलिप गॉस यांच्या लेखनामुळे मत्स्यपेट्यांचे वेड पसरले, आणि हौशी लोकांच्या टोळ्यांनी किनाऱ्यावरची खडकाळ डबकी ओरबाडून ओस पाडली. गॉस यांच्या मुलाने पुढे वडिलांविषयी लिहिताना त्या नासधुशीची खंत नोंदवली आहे.

येथपर्यंतच्या उदाहरणांत पाहुण्याला नाव होते. मालकाला ते ठाऊक नव्हते इतकेच. परंतु काचेच्या समुद्रात कधी कधी असा पाहुणा येतो, की त्याचे नाव जगातल्या कोणालाच ठाऊक नसते. ही घटना ऑस्ट्रियातील ग्राट्स या, समुद्रापासून दूर, डोंगरांच्या आश्रयाने वसलेल्या शहरात घडली. तेथील विद्यापीठात फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. अभ्यासासाठी त्यांनी समुद्राच्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवली होती. १८८३ साली तिच्या काचेवर त्यांना राखाडी रंगाचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे चपटे ठिपके सरकताना दिसले. धूळ म्हणून कोणीही पुसून टाकले असते. शुल्झे यांनी ते भिंगाखाली घेतले. त्या जीवाला तोंड नव्हते, पोट नव्हते, स्नायू नव्हते, मज्जातंतू नव्हते. पुढचे अंग कोणते आणि मागचे कोणते हेही सांगता येत नव्हते; ज्या बाजूला जायचे ती त्याची पुढची बाजू. अंगावरच्या सूक्ष्म केसांनी तो काचेवरून घसरत असे, आणि खालच्या शेवाळावर पसरून ते अंगाखालीच पचवत असे. शुल्झे यांनी त्याला ‘ट्रायकोप्लॅक्स अढेरेन्स’, म्हणजे साधारणपणे ‘चिकटणारी केसाळ ताटली’, असे नाव दिले, आणि हा ज्ञात प्राण्यांहून निराळा जीव असल्याचे लिहिले.

पुढे १९०७ साली थिलो क्रुम्बाख या संशोधकाने जाहीर केले, की हा स्वतंत्र प्राणी नसून एका लहान जेलीफिशच्या जातीची अळी आहे. विधान आत्मविश्वासाचे होते आणि सोयीचेही होते. एक अडचणीचा जीव ओळखीच्या कप्प्यात बसत होता. पाठ्यपुस्तकांनी ते स्वीकारले. प्रत्यक्षात या ताटलीची कधी जेलीफिश झालेली कोणी पाहिली नव्हती. परंतु बरणीवर चिठ्ठी लागली होती, आणि चिठ्ठी लागलेली बरणी सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. ट्रायकोप्लॅक्सकडे सुमारे सहा दशके फारसे कोणी फिरकले नाही.

ती बरणी उघडली जर्मनीतील ट्युबिंगेनच्या कार्ल ग्रेल यांनी. तांबड्या समुद्रातून आलेल्या शेवाळाच्या नमुन्यात त्यांना हा जीव पुन्हा आढळला. त्यांनी तो वाढवला, त्याचे विभाजन पाहिले, त्याच्या शरीरात तयार होणारी अंडी पाहिली. अंडी करणारा जीव अळी कसा असेल? १९७१ साली ग्रेल यांनी त्याच्यासाठी प्राणिसृष्टीत एक स्वतंत्र संघच स्थापन केला: ‘प्लॅकोझोआ’, ताटलीसारखे प्राणी. संघ म्हणजे किती वरची पायरी हे शाळेतील वर्गीकरणाचा तक्ता आठवला तर लक्षात येईल. गांडूळ एका संघात, खेकडा दुसऱ्यात, तारामासा तिसऱ्यात. ट्रायकोप्लॅक्ससाठी तशी एक संपूर्ण ओळ तक्त्यात वाढली, आणि तिचा मूळ पुरावा एका मत्स्यपेटीच्या काचेवर सापडलेला अनाहूत पाहुणा होता. २००८ साली त्याची जनुकीय संहिता वाचली गेली. तोंड-पोट-मज्जातंतू नसलेल्या या जीवात सुमारे ११,५०० जनुके निघाली, आणि प्रगत प्राण्यांत मज्जासंस्थेच्या कामी येणाऱ्या जनुकांचे अवशेष म्हणावेत की बीजे म्हणावीत, असे घटकही त्यांत सापडले. वाद अजून मिटलेला नाही.

शंभरहून अधिक वर्षे या संघात ही एकच जाती सर्वमान्य होती. २०१८ साली हाँगकाँगच्या किनाऱ्यावरील नमुन्यांतून ‘होइलुंगिया’ ही दुसरी जाती घोषित झाली. सूक्ष्मदर्शकाखाली ती ट्रायकोप्लॅक्सहून वेगळी ओळखता येत नाही. भेद आहे तो जनुकांत. तेव्हा निव्वळ पाहून ओळखण्याची मर्यादाही येथे येऊन थांबते.

या प्राण्याचा शोध घेण्याची पद्धत मात्र विलक्षण साधी आहे. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या एका चौकटीत उभ्या बसवून त्या उबदार समुद्राच्या उथळ पाण्यात किंवा जुन्या, स्थिरावलेल्या मत्स्यपेटीत आठ-पंधरा दिवस सोडून ठेवतात. पट्ट्यांवर शेवाळाचा पातळ थर धरतो, आणि तो खायला आलेली ताटली पट्टीला चिकटते. घरच्या टाकीची मागची काच बरेच दिवस खरवडली नसेल, तर दहापट भिंगाने तेथेही ती शोधता येते: राखाडी, कडा अनियमित, आणि दर मिनिटाला आकार बदलणारी.